रात्री दोन वाजता वाचता येईल असा कागद

किमोथेरपी घेणाऱ्यांना मुंबईत माहिती मिळत नाही, असं म्हणता येणार नाही. माहिती मिळते. पण कधी? डे-केअरच्या खुर्चीत बसल्यावर, हाताला सलाईन लागलेलं असताना, सिस्टर एकाच वेळी पाच पेशंटकडे बघत असताना. आणि त्या माहितीची गरज लागते आठ-दहा दिवसांनी, घरी, अपरात्री. तोवर ऐकलेलं निम्मं विसरलेलं असतं. म्हणून मी भेटेल त्याला एकच सांगत असते: किमोबद्दलचं शिक्षण पहिल्या सलाईनच्या आधी घ्या, मराठीत घ्या, कागदावर घ्या, आणि पेशंटइतकंच घरात रात्री जागणाऱ्या माणसालाही द्या.

आमची ताई संगमेश्वरजवळच्या गावातून उपचारांसाठी भांडुपला माझ्याकडे आली. स्तनाचा कॅन्सर. आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधं, दर तीन आठवड्यांनी, अशा चार सायकल, म्हणजे चार फेऱ्या. त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. ताई सातवीपर्यंत शिकलेली, पण वाचनाची सवय दांडगी. पेपर, पोथी, दिवाळी अंक, काही सोडत नाही. हॉस्पिटलने दिलेली पानं मात्र इंग्रजीत होती. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ तिसऱ्या पानावर, केस गळणं आणि जुलाब यांच्या मधे कुठेतरी दडलेली.

ती ओळ तापाची. किमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतं. कॅन्सरच्या पेशी तशा, पण हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशी, केसांची मुळं, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतलं अस्तर, हेही तसंच. त्यामुळे औषध दिल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या सगळ्यात खाली येते. डे-केअरमध्ये 'काऊंट पडलाय' म्हणतात ते हेच. तेव्हा संसर्ग झाला तर लढायला शिपाईच नसतात. ना पू होत, ना सूज दिसत. दिसतो फक्त ताप, कधीकधी नुसती थंडी वाजते. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला की सकाळची वाट बघायची नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलही द्यायची नाही, कारण ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो आणि सगळ्यांना उगाच हायसं वाटतं. थेट हॉस्पिटल. अशा वेळी अँटिबायोटिक एक-एक तास लवकर सुरू होण्याला किंमत आहे.

मी ही गोष्ट मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहिली. डे-केअरच्या सिस्टरकडून आणि डॉक्टरांकडून तपासून घेतली. दिवसाचा फोन, रात्रीचा फोन, कॅज्युअल्टीचं गेट कुठलं, फाईल कुठल्या कपाटात, हेही लिहिलं. शेवटी एक वाक्य: 'दारात शिरल्याबरोबर म्हणायचं, किमो चालू आहे आणि ताप आलाय.' कागद फ्रीजवर लावला, थर्मामीटर त्याच्याशेजारी खिळ्याला टांगला.

दुसऱ्या सायकलनंतर ताईचा मुलगा चिपळूणहून दोन दिवसांसाठी आला होता. रात्री आईजवळ तोच झोपला. तो कधी डे-केअरमध्ये गेला नव्हता, कुणी त्याला काही समजावलं नव्हतं. ताईला हुडहुडी भरली तेव्हा त्याने उठून थर्मामीटर लावला, कागद वाचला, फोन केला आणि मग मला हाक मारली, "मावशी, १०१ आहे. निघायचंय. रिक्षा बघतो." कॅज्युअल्टीत त्याने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. रक्त तपासायला गेलं आणि शिरेतून अँटिबायोटिक चालूही झालं. ताई काही दिवस ॲडमिट राहिली आणि बरी होऊन घरी आली. पेशंटच्या नातेवाइकांसाठी जे काही छापलं जातं ते या मुलासाठी छापलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. चिपळूणहून रात्री आलेल्या, काहीच ठाऊक नसलेल्या मुलासाठी.

आधी कळलं तर भीती किती कमी होते, हे लाल औषधाच्या वेळी दिसलं. डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं आणि दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ज्याला हे माहीत नाही तो रक्त समजून हबकतो. ताई पहिल्या दिवशी बाथरूममधून शांतपणे म्हणाली, "झालं गो लाल, कागदात लिहिलंय तसं."

तयार मराठी साहित्य मुळीच नाही असं नाही. एका आई-वडिलांनी मुलाच्या आठवणीत सुरू केलेल्या मुंबईच्या 'जासकॅप' संस्थेने ब्रिटनच्या कॅन्सरबॅकअपच्या पुस्तिका भारतीय भाषांत आणल्या. त्या मूळ कामामागेही एक पेशंटच होती: डॉ. विकी क्लेमेंट-जोन्स. स्वतः डॉक्टर, अंडाशयाचा कॅन्सर झालेला. रुग्णांना हवी ती माहिती मिळत नाही हे तिने सोसून जाणलं आणि १९८५मध्ये माहिती देणारी सेवा उभी केली. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये 'व्ही केअर'चे स्वयंसेवक भेटतात. त्यांच्यातले कित्येक जण स्वतः या आजारातून गेलेले आहेत. केस परत येतात का, हे डॉक्टरांनी सांगणं वेगळं आणि जिच्या डोक्यावर ते आलेत तिने सांगणं वेगळं.

पुस्तिकांत मला कमी वाटलं ते स्वयंपाकघर. 'पौष्टिक व सहज पचणारा आहार घ्या' एवढं वाचून सकाळी चुलीवर काय ठेवायचं? फोडणीच्या वासाने ताईला उमासे यायचे, म्हणून फोडणी ती झोपलेली असताना. मऊ भात-मेतकूट, पेज, कुळथाचं पिठलं हे गळ्याखाली उतरायचं. स्टीलच्या चमच्याने तोंडात धातूची चव यायची, लाकडी चमच्याने कमी. तोंड आलं की सोलकढी बंद. ग्लासभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ. कच्च्या कोशिंबिरीबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत, आपल्या डॉक्टरांना विचारा. पण उसाचा रस, रस्त्यावरची चटणी आणि न तापवलेल्या दुधाचं पंचामृत, यांना मी ठाम नाही म्हटलं. गणपतीतही. प्रसाद म्हणून मोदक दिला, तो वाफवलेला असतो.

पॅक्लिटॅक्सेलने बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा ताईने गरम टोप उघड्या हाताने उचलला, चटका तिला जाणवलाच नाही. तेव्हापासून गॅस माझ्याकडे. बधिरपणा लगेच डॉक्टरांना सांगायचा असतो, कारण त्यानुसार डोस कमी करता येतो. बायका हे सोसत बसतात. सोसू नका, सांगा.

गावाकडून येणारा प्रत्येक जण पिशवीत काहीतरी आणायचा, बहुधा गुळवेल. मायेनेच आणायचे. पण किमोची बरीचशी औषधं यकृतातूनच निचरतात. २०२१मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञ सोडवतील. किमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता काढा घ्यायचा नाही, एवढं मी घरात ठरवून टाकलं आणि कागदावर लिहिलं.

सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट क्वचितच सांगतात. किमोनंतर साधारण ४८ तास पेशंटच्या लघवी-उलटीत औषधाचा अंश असतो. साफ करताना हातमोजे घाला, झाकण लावून दोनदा फ्लश करा, खराब झालेले कपडे वेगळे धुवा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिला देऊ नका. आणि लोकलमध्ये दिव्यांगांसाठीच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं, हेही अनेकांना ठाऊक नसतं. भांडुपहून परेलपर्यंत ताईला बसायला मिळणं म्हणजे दिवसाची निम्मी ताकद वाचणं.

आता ताईची किमो संपली आहे. डे-केअरमध्ये गुहागरकडच्या एक आजी भेटायच्या, त्यांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी ताईने तो सगळा कागद आपल्या संगमेश्वरी बोलीत मोबाईलवर बोलून पाठवला. आजींच्या सुनेचा फोन आला की सासूबाई रोज ऐकतात. परळला धुळे-जळगावहून, विदर्भातून किती माणसं येतात. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या कुणी असा आवाज रेकॉर्ड केला तर फार उपयोग होईल. माझा मजकूर मोकळेपणाने घ्या. फक्त आधी आपल्या डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून तपासून घ्या, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, आणि रात्रीचा फोन नंबर आपल्या हॉस्पिटलचा घाला.