तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांच्या हालांवर हसायचं कसं?

‘द प्रिझनर ऑफ सेकंड अ‍ॅव्हेन्यू’ हा सिनेमा मी भेटेल त्याला बघायला सांगते. बघून झाल्यावर बरेच जण विचारतात, नोकरी गेली, घर लुटलं गेलं, माणूस पार कोलमडला, आणि आपण हसायचं? बरं दिसतं का ते?

मला विचाराल तर जरूर हसावं. नील सायमनने स्वतःच्या 1971 च्या नाटकावरून लिहिलेला हा 1975 चा सिनेमा, दिग्दर्शक मेल्विन फ्रँक. न्यूयॉर्कमध्ये जीवघेणा उकाडा, कचरा तुंबलेला, भिंतीपलीकडे शेजारणींचा धिंगाणा. मेलची (जॅक लेमन) 22 वर्षांची नोकरी जाते आणि ते तो बायकोला, एडनाला (अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट), लगेच सांगतही नाही. आवाजावरून, वासावरून मात्र रात्रभर आगपाखड करतो. पैशाची धास्ती घरात शिरली की पैशावरून भांडण सगळ्यात शेवटी होतं, हे सायमनला नेमकं कळलंय.

पुढे रस्त्यात एका पोराचा धक्का लागतो. मेल खिसा चाचपतो, पाकीट नाही! जिवाच्या आकांताने तो त्या पोराला गाठतो, पाकीट हिसकावतो आणि विजयी मुद्रेने घरी येतो. त्याचं पाकीट घरीच असतं. (तो पोरगा म्हणजे ‘रॉकी’च्या आधीचा सिल्व्हेस्टर स्टॅलोन.) इथे मी खळखळून हसते आणि लगेच पोटात गोळाही येतो, कारण सगळं शहर आपल्याला लुटतंय असं धरून बसलेल्या माणसाने स्वतःच एकाला लुटलंय.

निर्दय हसू सिनेमाने राखून ठेवलंय ते मेलच्या भावाबहिणींसाठी. ‘बिचारा’ म्हणून हळहळणारी ही मंडळी मदत म्हणून प्रत्येकाने किती पैसे द्यायचे हा विषय निघाला की कशी आखडतात, ते बघाच.

मेल-एडना या जोडप्याला मात्र सिनेमा कधीच हिणवत नाही. अशा बऱ्याच कथांत बायको म्हणजे नवऱ्याने डोकं आपटायची भिंत असते. इथे एडना कामाला लागते, घर ओढते, तिचीही नोकरी जाते, आणि मग तिचा असा काही स्फोट होतो की तिला सावरायला मेललाच उठावं लागतं. बॅनक्रॉफ्टने त्या प्रसंगात जीव ओतलाय. लेमनची तारीफ सगळेच करतात. तुम्ही तिच्यावरची नजर हटवू नका.