आईचा नंबर सेव्ह आहे का?

मागच्या दिवाळीत आईच्या अनारशांचा एक रील भलताच चालला. खसखशीची बाजू वर, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं आणि जाळी पडत जाते, बस एवढंच, वीस सेकंद. व्ह्यूज हजारांत गेले, मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. ऑर्डर आल्या दोन! त्यातली एक नागपूरहून.

मग नीट विचार केला. रील हे मुख्यतः आपल्याला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत जातं, बघणारा कुठलाही असू शकतो, आणि आमचं फराळाचं काम कोथरूडच्या घरच्या स्वयंपाकघरातलं, दादा स्कूटरवरून कर्वेनगर, वारजे, एरंडवणे एवढंच पोचवतो. पैसे देऊन पोस्ट बूस्ट करायची असेल तर पत्ता टाकून आसपासचे ठराविक किलोमीटर निवडता येतात, ते मात्र जरूर करा, नाहीतर पैसे अख्ख्या महाराष्ट्रात वाटल्यासारखे जातात.

आमच्या खऱ्या ऑर्डरी आल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरून. हे अ‍ॅप २०१८ पासून आहे, फुकट आहे, कॅटलॉगमध्ये फोटो आणि भाव टाकता येतात, तरी कितीतरी घरगुती फराळवाल्या काकू अजून साध्याच व्हॉट्सअ‍ॅपवर रेटलिस्टचा फोटो फिरवत बसतात. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणजे मी लिस्ट भरून निवांत बसले होते आणि अर्ध्या जणींना काहीच जात नव्हतं! तेव्हापासून प्रत्येक डब्यावर स्टिकर लावतो, "पुढच्या वेळेसाठी नंबर सेव्ह करा", आणि डबा देताना दादा तोंडानेही सांगतो. माझ्या मते हाच आमचा सगळ्यात मोठा प्रचार.

एका फूड पेजवाल्यानं रीलचे पैसे मागितले, वर म्हणाला जाहिरात असं लिहायचं नाही, लोक स्क्रोल करून पुढे जातात. आम्ही नाही म्हटलं. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहायचं हा एएससीआयचा, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम २०२१ पासून आहे, आणि नियम नसता तरी ज्या काकू आईवर विश्वास ठेवून आगाऊ पैसे देतात त्यांना फसवायचं का?

आणि तक्रारीचं सांगते. एका ताईंनी चकलीच्या फोटोखाली लिहिलं, चकली मऊ होती, पैसे वाया गेले. मी कमेंट डिलीट करायला निघाले होते, आईनं हात धरला. म्हणाली, खरंच मऊ होती ती, लिही. मग तिनं सांगितलं तसंच टाईप केलं, "ताई, त्या घाण्याला तेल जास्त तापलं होतं, वरून लाल झाली आणि आत मऊ राहिली. चूक आमची. उद्या ताजी अर्धा किलो पाठवते." आणि खरंच पाठवली. ती कमेंट अजून तिथेच आहे, नवीन गिऱ्हाईक वाचतं आणि फोनवर आईला विचारतं, त्या ताईंना नंतरची आवडली का हो? आवडली होती!

यंदा ब्रॉडकास्ट वसुबारसेच्या पंधरा दिवस आधीच जाणार आहे, कारण अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, मग कुटायचे, गुळात मळून पीठ मुरवत ठेवायचं, आणि आई म्हणते ऐनवेळच्या ऑर्डरी तू घेऊच नकोस.