रंग दगडात कशाला कोंडायचा?

पारदर्शक प्लास्टिकमध्ये रंगद्रव्य मिसळले की काम भागते, मग झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या छिद्रांत ते भरण्याचा आटापिटा कशासाठी, असे तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून लिहिते आहे. आजवर माझे उत्तर ठरलेले होते: दाटीवाटीने बसलेले रेणू एकमेकांना बिलगतात आणि त्यांची प्रतिदीप्ती, म्हणजे शोषलेल्या प्रकाशाने उजळणे, विझते, पण अरुंद वाहिनीत बिलगायला जागाच नसते. झिओलाइट एल या प्रकारातल्या वाहिनीचे तोंड सुमारे ०.७१ नॅनोमीटर असते, त्यामुळे पायरोनिन या रंगद्रव्याचे चपटे रेणू आत एकामागे एक रांगेतच बसू शकतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या रसायनशास्त्रज्ञ कालझाफेरी यांच्या गटाने अशा स्फटिकांत पायरोनिन भरून दोन्ही टोकांना ऑक्सोनिन हे दुसरे रंगद्रव्य बसवले, आणि पायरोनिनने शोषलेली ऊर्जा रेणूंवरून उड्या घेत टोकांपर्यंत पोहोचून तांबडी उजळते, हे दाखवून दिले. हे सारे खरे आहे. माझे त्यातले पहिले काम मात्र खरे नव्हते.

मी रोडामाइन बी हे रंगद्रव्य निवडले होते, कारण ते झगझगीत आहे आणि त्याचा गाभा पायरोनिनसारखाच आहे. द्रावणात झिओलाइट टाकून ढवळत ठेवले. वरचे पाणी फिके पडले, तळाची पूड गुलाबी झाली, अतिनील दिव्याखाली नारिंगी पेटली आणि तीन वेळा पाण्याने धुऊनही रंग हटला नाही. बैठकीत ती कुपी मी सर्वांच्या हातांत फिरवली. एका वरिष्ठ सहकारी बाईंनी एवढेच विचारले, "अल्कोहोलने धुतलंत का?" मी तिथल्या तिथे इथेनॉल घातले, नळी हलवली आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. बाहेर काढली तेव्हा वरचा द्रव नारिंगी उजळत होता आणि तळाशी जवळजवळ पांढरी पूड होती. रोडामाइनच्या चपट्या गाभ्याला आडवे जोडलेले अणूंचे एक कडे असते. अरुंद दारातून आडवी खाट जात नाही, तसा तो रेणू वाहिनीत शिरलाच नव्हता. रंग फक्त स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटला होता.

रेणूचा आकार मला माहीत नव्हता असे मी म्हणणार नाही. तो कागदावर मीच काढला होता. तापवल्यावर खनिजाची चौकट थोडी लवचीक होते, म्हणून रेणू आत जाईल, असा युक्तिवाद मी तेव्हा केला होता. चौकट लवते हे खरे, पण एवढी नाही. पूड चमकली म्हणजे रंग आत गेला, हा निष्कर्ष मात्र निव्वळ हौसेचा होता.

पुढे पायरोनिनचे नमुने अल्कोहोलच्या धुण्यात टिकले, पण ते त्या पहिल्या पुडीइतके कधीच झगझगले नाहीत. शिवाय स्फटिकांचे कण प्रकाश विखुरतात, म्हणून त्यांचा पारदर्शक पापुद्रा करायचा तर भोवतालच्या पॉलिमरचा (प्लास्टिकचा) अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे प्रमाण, त्यांच्याशी जुळवावा लागतो. म्हणजे शेवटी प्लास्टिकच लागते, हा तुमचा टोला मी मान्य करते. नुसता रंगीत उजेड हवा असेल, तर तुम्ही म्हणता तेच करा. ऊर्जा एका दिशेने न्यायची असेल, तर नुसत्या प्लास्टिकमध्ये वाटेल तसे विखुरलेले रेणू ते करणार नाहीत, असे मला अजून वाटते; फक्त त्यासाठी सगळ्या वाहिन्या एकाच दिशेला येतील असे स्फटिक काचेवर उभे राहिले पाहिजेत, आणि माझे अर्धेअधिक आजही आडवे पडतात.