माळेगावची घोडी आणि साहेबांचं भाषण

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेला जायचं तर पहाटे निघावं, हे लातूरकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आम्ही अकराला निघालो. माळेगाव दिसायच्या कितीतरी आधीच नांदेड रोडवर गाडी अडकली आणि शेवटचा पल्ला भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गर्दीतून पायीच काढला. ही डिसेंबर २०२२ ची गोष्ट. कोरोनामुळं दोन वर्षं यात्रा भरली नव्हती, त्यामुळं माणसं मागची बाकी वसूल करायला आल्यासारखी आली होती. खंडोबाचं दर्शन झालं, बरगडीत दोन कोपरे बसले. त्याबद्दल एवढंच.

मला खरं तर घोडेबाजार बघायचा होता. देवच घोड्यावर बसणारा, मग त्याच्या यात्रेत घोडे विकायला येणारच. अगाडी-पिछाडीचे दोर लावून ओळीनं उभे होते. कानांची टोकं आत वळून एकमेकांकडं झुकलेली दिसली की मारवाडी नाहीतर काठियावाडी, एवढं मला कळतं. पंचकल्याणी, अबलख, देवमण वगैरे रंग-खुणांची नावं ऐकून मी नुसती मान डोलवत होतो.

एवढ्यात साहेब आले. नाव घेत नाही. साहेब ही जात सगळ्या पक्षांत सारखीच. आल्या आल्या फटाक्यांची माळ लागली. माझ्या शेजारची तांबडी घोडी पुढचे पाय उचलून उभी राहिली, तिच्याजवळचं शिंगरू थरथरायला लागलं. म्हाताऱ्या मालकानं मोहरकी धरली आणि घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिला. तिकडं माईकवर अर्थचक्र सुरू. ते रुतलंय, ते फिरलं पाहिजे, बाजार फुलला पाहिजे. मग गाडी मुक्या जनावरांवर आली. घोड्यांना काटेरी लगाम लावू नका, जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांत त्याला बंदी आहे, त्यांना पोटभर चारा-पाणी द्या. मी च्यक केलं. आणि फटाके?

"बोलायलेत ते खरंच हाय की," म्हातारा म्हणाला. याचा मला साहेबांपेक्षा जास्त राग आला.

परभणीकडचा माणूस. वरातीत घोडी नाचवणं हा धंदा. दोन वर्षं लग्नं घरातल्या घरात उरकली, वराती बंद. हरभऱ्याची चंदी, म्हणजे खुराक, सुटली, नुसत्या कडब्यावर दोन घोड्या जगवल्या. शेवटी एक विकली. "कुणी नेली, कशाला नेली, इचारलं न्हाई," म्हणाला आणि बराच वेळ शिंगराच्या मानेवरून हात फिरवत बसला. मग एकाएकी घोडीचं तोंड उघडून मला ओठांचे कोपरे दाखवले. पांढरट, निबर झालेले जुने वण.

"ह्ये माझंच काम हाय. काटेरी लगाम. लग्नं परत सुरू झाली तवा एका दिसात तीन-तीन वराती मारल्या. दमली की नाचंना. पैशे कमी पडले की हात जड हुतो, दादा. आता साधा लावायलाव, बगा." लगाम हातात देऊन मला बोट फिरवायला लावलं. गुळगुळीत होता.

मी लगाम परत दिला आणि गप्प राहिलो, कारण तासाभरापूर्वीच मी पन्नास रुपये देऊन भाचीला एका घोडीवर बसवलं होतं. घोडीच्या तोंडाला फेस होता. मालक म्हणत होता, दमलीये, बास. मीच आणखी पन्नास काढून दुसरी फेरी मारायला लावली. फोटो नीट आला नव्हता म्हणून.

दुपारनंतरच्या कुस्त्या, धूळ, गाडी शोधण्यात गेलेला वेळ, सगळं सोडून देतो. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा मोबाईलवर तो फोटो मोठा करून बघितला. लगामाची कडी दिसते, तोंडातला भाग फेसाखाली गेलाय. काटे होते की नव्हते, काही केल्या कळेना.

"मामा, मी छान दिसायलेय ना?" भाची वाकून बघत म्हणाली. "पुढच्या वर्षी पन त्याच घोडीवर बसायचं."