दुतोंड्या मारुतीसाठी १७० वॅट

मागच्या वेळी जिथे अडकलो होतो तिथूनच सुरू करतो. उन्हाळ्यात गोदेचं पाणी उतरलेलं असताना नाशिकच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीचे चहूबाजूंनी ६४० फोटो काढून ठेवले होते, त्यांवरून कॉम्प्युटरमध्ये मूर्तीचं त्रिमितीय मॉडेल बनवायला. दोन तोंडांचा देव, त्यामुळे 'पाठीमागून नाही काढले तरी चालेल' ही सवलत नाही. फोटोंवरून मॉडेल बनवणाऱ्या मेशरूम या सॉफ्टवेअरने रात्रभरात कॅमेऱ्याच्या जागा शोधल्या आणि डेप्थ मॅपवर, म्हणजे प्रत्येक फोटोतलं अंतर मोजायच्या टप्प्यावर, येऊन बसकण मारली. त्या टप्प्याला कूडा लागतं, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर गणितं करायचं एनव्हिडियाचं तंत्र. माझं जुनं कार्ड क्वाड्रो के२०००, केप्लर पिढीचं, म्हणजे ३८४ कोअर आणि २ जीबी मेमरी. दर वेळी मेमरी संपली म्हणून हात वर. म्हणून नवं कार्ड घ्यायचं ठरवलं.

मशीन मागच्या वेळचंच. झिऑन ई५-१६५० व्ही२ प्रोसेसर, सहा कोअर, ६४ जीबी डीडीआर३. अंबडच्या एका डाय-मोल्डवाल्याने नवी मशिनं घेतली तेव्हा जवळपास भंगाराच्या भावात उचललेलं. बोर्ड, कॅबिनेट, पॉवर सप्लाय सगळं एकमेकांसाठीच बनवलेलं, त्यामुळे बाजारातला साधा एटीएक्स सप्लाय आणून जोडता येत नाही. जो आहे त्याच्याशीच संसार.

जुन्या मशीनमध्ये नवं कार्ड म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, बोर्डावरच्या जुन्या पीसीआयई ३.० स्लॉटमध्ये ते गुदमरणार नाही का? पूर्ण सोळा लेनचं, म्हणजे डेटाच्या सोळा वाटांचं कार्ड असेल तर आपल्या कामात फारसा फरक पडत नाही. फोटो आणि टेक्स्चर एकदा कार्डाच्या मेमरीत गेले की बाकीचा खेळ आतच चालतो. फसगत होते ती चारच लेन वापरणाऱ्या कार्डांत, उदाहरणार्थ आरएक्स ६५०० एक्सटी. जुन्या स्लॉटवर त्याला नेमका तिथेच फटका बसतो. शिवाय त्यात कूडा नाही, म्हणजे माझ्यासाठी ते तसंही बाद.

जीटीएक्स १०७०, १०८० स्वस्तात मिळत होती. पण ती पास्कल पिढीची आणि पास्कलसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा. केप्लरचं ४७० वर थांबलेलं दुखणं एकदा भोगून झालंय. आरटीएक्स ए२००० फार आवडलं होतं, ७० वॅट आणि वेगळी वायरच नको. पण त्याचं १२ जीबीचं मॉडेल हातात येईल अशा किमतीला दिसेना. शेवटी आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड आहे आणि त्याची बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता, १९२ ऐवजी १२८ बिटची आहे. विकत घेताना खोक्यावर नव्हे, कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये बघा.

आता वायरचा हिशोब, खरी डोकेदुखी हीच. सप्लाय ६०० वॅटचा, पण ग्राफिक्ससाठी बाहेर आलेल्या वायरी दोनच आणि दोन्ही सहा पिनी. कार्डाला हवा आठ पिनी. स्लॉटमधून ७५ वॅट, प्रत्येक सहा पिनीतून ७५, एकूण २२५. कार्डाची गरज १७०. म्हणजे दोन सहा पिनी एकत्र करून आठ पिनी देणारा जोड चालतो. दुकानदार साटावरून, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या वायरीवरून, आठ पिनी करणारा जोड पुढे करत होता. "भाऊ, सगळे हाच नेतात." नेत असतील. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्यातून १५० ओढले तर प्लग वितळेल. तसाच परत दिला.

कार्ड नाशिक रोडच्या एका कॉलेजच्या पोराकडून घेतलं. "काका, मायनिंगचं नाही हं, घरच्या गेमिंगचं आहे." सगळेच असं म्हणतात! क्रिप्टोच्या मायनिंगसाठी रात्रंदिवस राबवलेलं कार्ड कोणाला नको असतं. त्याच्याच मशीनवर पंधरा मिनिटं फरमार्क ही कार्डाला घाम फोडणारी चाचणी चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज बघितला, मगच पैसे दिले.

बसवायला वेळ गेला तो धुळीमुळे. गच्चीवर ब्लोअर मारला. पंखे बोटाने धरून मारा, मोकळे भन्नाट फिरू देऊ नका. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा कार्ड धरायचा प्लॅस्टिकचा खोबणीवाला तुकडा काढल्यावर दोन पंख्यांचं कार्ड जेमतेम आत गेलं. बटण दाबलं तर लाल दिवा सहा वेळा मिचकला आणि सहा बीप. ग्राफिक्स सापडत नाही, असा त्याचा अर्थ. जोडाचा एक सहा पिनी अर्धाच बसला होता, दोष माझ्या अंगठ्याचा. तो नीट दाबल्यावर बीप थांबले, पण स्क्रीन काळीच. माझा १९२० बाय १२०० चा जुना मॉनिटर डीव्हीआयवाला आणि नव्या कार्डावर डीव्हीआय नाहीच. एचडीएमआय ते डीव्हीआय केबल आणायला संध्याकाळी पुन्हा एमजी रोड.

जीपीयू-झेडमध्ये पीसीआयईसमोर १.१ दिसलं तर घाबरू नका. रिकाम्या वेळी वीज वाचवायला लिंक खाली येते. बाजूच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून लोड दिला की ३.० दिसतं.

सगळं जमलं असं वाटेपर्यंत यूपीएस ओरडायला लागला. ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅट. झिऑनचे १३०, कार्डाचे १७०, वर डिस्क, पंखे, मॉनिटर आणि सप्लायची गळती. पहिल्या पावसात लाइट गेली आणि रेंडर चालू असताना सगळंच बसलं. मोठा यूपीएस घेण्याआधी आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कार्डाच्या विजेची मर्यादा १३० वॅटवर आणून बघितली. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधला घाटाचा सीन, जो नुसत्या झिऑनवर ५२ मिनिटं घ्यायचा, तो पूर्ण ताकदीवर ३ मिनिटं १० सेकंदांत झाला होता. आता ३ मिनिटं २५. पंधरा सेकंदांसाठी नवा यूपीएस कोण घेतो? एकूण वेळातलंही पाऊण मिनिट सीन तयार करण्यात जातं आणि ते काम अजून झिऑनच करतो.

डेप्थ मॅप रात्री लावून झोपलो, सकाळी तयार. दोन्ही तोंडं झकास आलीत, शेंदराचे थरसुद्धा दिसतात. पायांच्या मागे मात्र हातभर भोक राहिलंय, तिथले फोटो हललेले निघाले. परवा घाटावर जाऊन आलो तर पाणी मारुतीच्या कमरेला लागलेलं. ते फोटो आता पाणी उतरल्यावरच.