तुम्ही विचारलेत म्हणून: ते प्रमाणपत्र शिक्षणाच्या रकान्यात का नाही

"ताई, एवढी फी भरलीत, वर्षभराचे शनिवार-रविवार घालवलेत, संस्थेचं नाव इतकं मोठं, आणि रेझ्युमेत ते मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट असं तळाशी का?" हा प्रश्न मला कार्यालयातल्या मुलांनी विचारला आहे, सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी विचारला आहे, आणि ठाणे-वाशी लोकलमधल्या माझ्या गटाने तर इतक्या वेळा विचारला आहे की हल्ली ऐरोली येईपर्यंत मी विषय बदलत राहते. विचारणाऱ्यांनी उत्तरही ठरवलेले असते. एक तर मी फार सरळमार्गी आहे, नाहीतर मला स्वतःची जाहिरात करता येत नाही. यातले एकही मला मान्य नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचे. पदवी कोणी द्यायची हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ मध्ये ठरलेले आहे: कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेच्या कायद्याने तसा अधिकार मिळालेली संस्था. माझ्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात संस्थेनेच बारीक अक्षरांत छापले होते की यातून पदवी अथवा पदविका मिळणार नाही. त्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'माजी विद्यार्थी' असा दर्जा देऊ केलेला होता, हेही खरे. मी फी भरताना दोन्ही वाचले होते. जे संस्थेने स्वतः नाकारले आहे, ते मी तिच्या नावावर कसे लिहू?

एवढे उत्तर पुरायला हवे, पण पुरत नाही. समोरचा लगेच म्हणतो, "एमबीए लिहू नका हो, पण 'मॅनेजमेंट' लिहून संस्थेचं नाव शिक्षणात टाकायला काय हरकत आहे?" हा युक्तिवाद मला चांगला ठाऊक आहे, कारण एके काळी तो माझाच होता. प्रमाणपत्र हाती आल्यावर केलेल्या पहिल्या मसुद्यात मी बी.कॉम.च्याही वर संस्थेचे नाव ठळक टायपात घेतले, त्यापुढे 'व्यवसाय व्यवस्थापन' आणि ओळीच्या अगदी शेवटी, साध्या टायपात, 'प्रमाणपत्र अभ्यासक्रम'. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. तेव्हाच्या मला आज जाब विचारला तर ती म्हणेल, वाचणाऱ्याने ओळ शेवटपर्यंत वाचावी एवढी अपेक्षासुद्धा मी ठेवू नये का? तिला ठामपणे 'नको' म्हणणे मला अजूनही जमत नाही. मात्र शेकडो रेझ्युमे चाळणारा माणूस ओळीच्या शेवटापर्यंत जात नाही हेही तिला ठाऊक होते, आणि ठळक टाइप कुठे वापरायचा हे तिने ते धरूनच ठरवले होते.

तोच मसुदा घेऊन मी ऐरोलीच्या मुलाखतीपर्यंत पोहोचले. मालवाहतूक आणि गोदामे सांभाळणाऱ्या एका कंपनीत कामकाज प्रमुखाची जागा होती. तुर्भ्याला मी त्याच प्रकारचे काम करीत होते, आणि अर्ज वाशीतल्या एका प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत गेला होता. समोर तिघे होते: एचआरची एक तरुण अधिकारी, कामकाज विभागातले एक गृहस्थ, आणि ज्यांच्या हातात निर्णय असावा असे वाटणारे एक ज्येष्ठ. पहिला अर्धा तास इतका चांगला गेला की मनातल्या मनात मी राजीनाम्याचे पत्र लिहायला घेतले होते. गाड्या परतीच्या फेरीत रिकाम्या येतात त्यावर मी काय करते, ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची, मुदत रस्त्यातच संपली तर काय करते, गोदामातला प्रत्यक्ष साठा आणि संगणकातला साठा जुळत नाही तेव्हा कुठून शोधायला लागते, असे सगळे माझ्या रोजच्या कामातले प्रश्न होते. मग त्या ज्येष्ठांनी समोरच्या कागदाचे पान उलटले आणि अगदी मनापासून म्हणाले, "नोकरी सांभाळून पोस्ट ग्रॅज्युएशन केलंत, कौतुक आहे."

'थँक यू सर' एवढे म्हटले असते तर मुलाखत पुढे गेली असती. मी म्हणाले, "सर, ते पोस्ट ग्रॅज्युएशन नाही. सर्टिफिकेट कोर्स आहे, ऑनलाइन. शेवटचे तीन दिवस तेवढे संस्थेत बोलावतात."

एचआरच्या अधिकारीने तो कागद फिरवून माझ्याकडे सरकवला आणि एका ओळीखाली नख टेकवले. वर कन्सल्टन्सीचे बोधचिन्ह होते. खाली तीन रकान्यांचा तक्ता होता: शिक्षण, संस्था, वर्ष. पहिल्या रकान्यात 'पीजी, बिझनेस मॅनेजमेंट' असे होते, दुसऱ्यात संस्थेचे नाव. 'प्रमाणपत्र' हा शब्द कुठेच नव्हता. मी फाइलमधून माझी प्रत काढून शेजारी ठेवली. त्यानंतर जे झाले ते मला सर्वांत जास्त लागले. तिने दोन्ही कागद ओळीने ताडून पाहायला सुरुवात केली. शिक्षण पाहून झाल्यावर ती माझ्या नोकऱ्यांच्या तारखांवर आली आणि म्हणाली, "तुर्भ्याची जॉइनिंग डेट हीच आहे ना?" तारीख दोन्हीकडे एकच होती, बरोबरही होती. पाच मिनिटांपूर्वी हा प्रश्न तिच्या मनातही आला नसता.

ज्येष्ठ गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, मी आयआयएममधून बाहेर पडलो तेव्हा मलाही डिप्लोमाच मिळाला होता. अजून मी कुठे डिग्री लिहीत नाही. त्यामुळे सर्टिफिकेट आहे म्हणून माझं काही म्हणणं नाही. पण दोन कागद का, एवढं सांगा." ते खरेच बोलत होते. आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने मिळाला आणि तो कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. त्याआधीच्या सगळ्यांकडे पदव्युत्तर पदविका आहे आणि त्यांचे कोणाचे काही अडलेले नाही. मी वर कलम २२ चा आधार घेतला खरा, पण पदवी म्हणजे भारी आणि बाकीचे हलके असा सरळ हिशेब त्यातून निघत नाही, हे मला त्या टेबलावर शिकवले गेले. दोन कागद का, याचे 'कन्सल्टंटने केले' हे उत्तर खरे होते, आणि देताना माझ्याच कानाला ते खोटे वाटले. "कळवतो," असे म्हणाले. कळवले नाही.

मी ऐरोलीच्या फलाटावर असतानाच कन्सल्टंटचा फोन आला. त्याला तिकडून बहुधा ऐकावे लागले होते. "मॅडम, त्यांच्या पोर्टलवर पीजीचा रकाना कम्पल्सरी आहे. रिकामा ठेवला असता तर तुमचा अर्ज त्यांना दिसलाच नसता. आणि सगळं तुमच्याच रेझ्युमेतून उचललंय, मी पदरचं काय घातलं?" शेवटच्या वाक्यावर मी निरुत्तर झाले, आणि त्याचे मला फार वाईट वाटले नाही असे सांगितले तर ते खोटे ठरेल. त्याने 'पीजी' ही दोन अक्षरे घातली होती, पण माझी ओळ शेपटाकडून कापली की उरते तेच त्याच्या तक्त्यात होते. त्याच्यामुळे मी त्या खोलीत बसू शकले आणि त्याच्यामुळेच बाहेर पडले, यात माझे नुकसान किती आणि फायदा किती, हे मी आजही ठरवलेले नाही.

घरी अर्थात एकच मत पडले, की गप्प बसायचे होते. गप्प बसले असते तर? नेमणूक झाल्यावर पडताळणीवाल्या संस्थेने माझ्या संस्थेला पत्र घातले असते, तिथून 'प्रमाणपत्र' असे उत्तर गेले असते, आणि तोवर तुर्भ्याची नोकरी सोडून झाली असती. मोठ्या पदावरची माणसेही यातून सुटत नाहीत. याहूचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्कॉट थॉम्पसन यांच्या परिचयात लेखाशास्त्राच्या पदवीला संगणकशास्त्राची जोड दिलेली होती. संगणकशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि २०१२ च्या जानेवारीत घेतलेले पद त्यांना मे महिन्यात सोडावे लागले. तिथे तर एक पदवी खरीच होती.

तेव्हापासून माझी ओळ 'प्रमाणपत्र' या शब्दाने सुरू होते. मग विषय, मग 'ऑनलाइन, अंशकालीन', मग कालावधी, आणि संस्थेचे नाव सर्वांत शेवटी, साध्या टायपात. कोणत्याही कन्सल्टंटने कुठूनही कापली तरी उरलेला तुकडा खरा राहावा, एवढाच त्यामागचा विचार आहे. यात सद्गुण शोधणाऱ्यांनी कृपया हे लक्षात घ्यावे.

आता जे कोणी विचारत नाही तेही सांगते. माझ्या रेझ्युमेवर बी.कॉम.च्या लगेच खाली जी.डी.सी. अँड ए. आहे. सहकार खात्याची ही शासकीय पदविका मी लग्नानंतर, दुपारी मुलगी झोपली की पुस्तके उघडून मिळवली. लेखाकर्म, लेखापरीक्षण, सहकार कायदे असे सहा पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे, आणि नापास होणारे पुष्कळ. जी माणसे मला ते प्रमाणपत्र वर घ्यायला सांगतात, तीच जी.डी.सी. अँड ए. काढून टाकायला सांगतात, कारण ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत 'सहकार' हा शब्द पतपेढीची आठवण करून देतो. पतपेढीची आठवण झाली तर होऊ दे. तिचे हिशेब मी तपासलेले आहेत.

एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचाही एक अभ्यासक्रम मी केला आहे, बारा आठवड्यांचा, पुरवठा साखळीचा. त्यात २५ गुण स्वाध्यायांचे आणि ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० मिळाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि मिळालेले गुण त्यावर छापून येतात. परीक्षेची फी १००० रुपये होती. लाखाच्या घरातल्या माझ्या त्या अभ्यासक्रमात मात्र हजेरी पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना एकसारखा कागद मिळाला. म्हणून रेझ्युमेवर हजार रुपयांचा अभ्यासक्रम वर आहे, गुणांसकट, आणि लाखाचा त्याच्या खाली. तिथे मी खरोखर काही शिकले नाही असे मात्र नाही. रिकाम्या फेरीवरचे माझे जे उत्तर त्या पॅनेलला आवडले, ते तिथल्याच एका प्राध्यापकांच्या तासाला सुचले होते. ते त्या कागदावर कुठे लिहायचे?

आणि मी स्वतःला फार खरी समजते तर एमएस-सीआयटी आणि इंग्रजी चाळीसचे टायपिंग मी का काढून टाकले, असे माझी मुलगी विचारते. जागा नव्हती, असे मी तिला सांगते. जागा आहे. ती दोन्ही वाचून लोक माझ्या वयाचा आणि सुरुवातीचा अंदाज बांधतात, ते मला नको असते. वगळणे आणि खोटे लिहिणे यांत फरक आहे असे मी मानते, आणि तो फरक मला सोयीचा आहे हेही मला दिसते.

आमच्याच कार्यालयातल्या एका मुलाने नंतर तोच अभ्यासक्रम केला, शिक्षणाच्या रकान्यात बिनदिक्कत 'पीजी' म्हणून लिहिला, आणि तो महापेला माझ्यापेक्षा चांगल्या पगारावर लागला. त्याच्या कंपनीने पडताळणी केली ती फक्त बी.एम.एस. या पदवीची आणि मागच्या नोकरीची. भेटला की तो मला विचारतो, "मॅडम, सांगा ना, काय बिघडलं?" आणि त्याला बोट ठेवून दाखवता येईल असे माझ्याजवळ अजून काही नाही.