बारा वॅटचा कवडसा

गेल्या रविवारी दुपारी, जेवणानंतर ज्या वेळी सांगलीतला कोणताही शहाणा माणूस पंख्याखाली आडवा होतो, त्या वेळी मी माशांच्या दोन फुटी पेटीसमोर स्टुलावर बसून एका दिव्याचे दोन पाय काचेच्या कडेवर बसवण्याची खटपट करीत होतो. दिवा एलईडीचा होता, बारा वॅटचा, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीचा. खोक्यावरच्या चित्रात एक हसतमुख बाई तो एका हाताने अलगद पेटीवर ठेवीत होती. मला दोन्ही हात, एक पक्कड, जुन्या सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे आणि सव्वा तास लागला.

अडचण साधीच होती. दिव्याच्या दोन्ही टोकांना जे पाय असतात, त्यांना खाली खाच असते आणि ती खाच काचेच्या कडेवर बसते. ही खाच आठ मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी केलेली होती आणि माझ्या पेटीची काच पाच मिलिमीटरची आहे. उरलेल्या तीन मिलिमीटरांत दिवा असा डुलत होता, की पंख्याच्या वाऱ्यानेच पाण्यात पडतो की काय असे वाटावे. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून, दुहेरी दुमडून खाचेत कोंबली. रबर कोरडे असताना आत जाईना, म्हणून बोट पाण्यात बुडवून त्याला ओले केले, तेव्हा ते एकदम सरकले आणि दिवा आपल्या जागी घट्ट बसला. या एका क्षणाचे समाधान मला गेल्या महिनाभरातल्या कोणत्याही कामात मिळाले नव्हते. "अहो, झोपा आता थोडं, मासे काही पळून जात नाहीत," असे आतून आले, त्याला मी उत्तर दिले नाही.

अ‍ॅडॅप्टरची पिन अर्थातच चपटी निघाली. आपल्या भिंतीतली भोके गोल असतात ही गोष्ट परदेशातल्या कारखानदारांना अजून कोणी कळवलेली दिसत नाही. प्रत्येक घरात एका डब्यात बंद पडलेली घड्याळे, जुन्या किल्ल्या आणि असले गोल पिनांचे जोड एकत्र नांदत असतात, त्या डब्याने याही वेळी लाज राखली. त्यानंतर वायर. वायर पेटीवरून सरळ सॉकेटमध्ये न्यायची नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तिला आधी सॉकेटच्या खालपर्यंत झोळ द्यायचा आणि मग वर घ्यायचे, म्हणजे वायरीवरून ओघळत आलेले पाणी झोळाच्या तळाशी येऊन जमिनीवर टपकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. एवढा साधा उपाय सांगायला त्या खोक्यातल्या सोळा पानी पुस्तिकेला जागा मिळाली नव्हती. मला तो काकांनी शिकवला होता आणि काकांना तो एका फुटलेल्या बल्बने शिकवला होता.

आमचा जुना वाडा सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात होता. काका वीज मंडळात लाइनमन होते आणि विजेवर चालू शकेल अशी कोणतीही वस्तू विजेवर चालवून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून, फटी लांबीने भरून एक पेटी तयार केली आणि ती माजघरात ठेवली. मासे हौदातले, गप्पीच. डासांच्या अळ्या खातात म्हणून ते हौदात सोडलेले होते. पुढे "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे वाक्य गावोगावच्या भिंतींवर रंगवले गेले, तेव्हा आमच्या घरात ते काम आधीच झाल्याचा आम्हांला उगीचच अभिमान वाटे. माजघर अंधारे, त्यामुळे मासे दिसेनात. काकांनी डालड्याचा रिकामा डबा आडवा कापला, त्यात होल्डर बसवला, चाळीसचा बल्ब लावला आणि तो डबा पेटीवर पालथा घातला.

तो दिवा लागला तेव्हा आम्ही सगळी मुले ओळीने बसलो होतो. पिवळ्या उजेडात गप्पींच्या शेपट्या खरोखरच सुंदर दिसल्या. काकांनी कौतुकाची अपेक्षा ठेवून आजीकडे पाहिले. आजी दळण निवडीत होती. तिने मान वर न करता विचारले, "माशांना कशाला रे दिवा? त्यांना काय पोथी वाचायची आहे?"

चौथ्या की पाचव्या दिवशी एका माशाने उसळी घेतली, पाण्याचे चार थेंब तापलेल्या बल्बवर उडाले आणि टच्च असा आवाज होऊन बल्बच्या काचा पाण्यात गेल्या. काकांनी झेप घेऊन बटण बंद केले. नंतर तपासले, तर पाणी वायरीवरून पार बोर्डापर्यंत गेलेले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात फ्रीजपासून देवघरातल्या माळेपर्यंत प्रत्येक वायरीला झोळ असतो. पाहुण्यांना तो गबाळेपणा वाटतो. मला अजूनही सरळ ताणलेली वायर दिसली, की अस्वस्थ व्हायला होते.

बल्ब गेला तरी पेटीला उजेड होता, दिवसातून एकदाच, पण होता. माजघराच्या कौलांत एक काचेचे कौल बसवलेले होते. त्यातून पडणारा कवडसा सकाळपासून भिंत उतरत, जमिनीवरून सरकत, उन्हाळ्यात दुपारी अडीचच्या सुमाराला पेटीवर येई. सगळे घर झोपलेले असे. मी आणि चुलतभाऊ सारवलेल्या गार जमिनीवर पालथे पडून त्याची वाट पाहत असू. आधी अँगलचा गंजलेला कोपरा उजळे, मग काचेची कड, आणि मग एकदम तो उजेडाचा खांब पाण्यात उतरे. त्यात धुळीचे कण वर हवेत आणि भुश्यासारखे बारीक काहीतरी खाली पाण्यात, असे दोन्हीकडे तरंगताना दिसे. मासे त्या खांबातून आरपार जात आणि जाताना क्षणभर पेट घेतल्यासारखे होत. भाऊ पाण्यावर हळूच फुंकर घाली. लगेच तळाच्या वाळूवर उजेडाची एक जाळी पसरे आणि हलू लागे, तिचे धागे एकमेकांत शिरत, तुटत, पुन्हा जुळत. पंधरा मिनिटांत कवडसा पेटी ओलांडून उखळाकडे निघून जाई आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. सुटीत आमची भांडणे पुष्कळ झाली, पण त्या पंधरा मिनिटांत झाल्याचे आठवत नाही.

पुढे वाडा पडला, इमारत झाली आणि तळमजल्यावरच्या माझ्या घरात मी स्वतःची पेटी केली. ही पेटी म्हणजे नुसत्या काचा सिलिकॉनने जोडलेल्या, अँगल नाही, लांबी नाही. तिच्या लाकडी झाकणात वीस वॅटची दोन फुटी ट्यूब होती. तिच्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. चोक गुणगुणत असे, स्टार्टर दोनचार वेळा डोळे मिचकावल्याखेरीज उजेड पडत नसे आणि त्या मिचकावण्याने मासे दर वेळी दचकत. उजेड मात्र सगळीकडे सारखा, कचेरीतल्यासारखा. त्या उजेडात मी वर्षानुवर्षे मासे पाहिले आणि काहीतरी कमी आहे हे मला एकदाही जाणवले नाही.

नवा दिवा घेण्यापूर्वी मी वाचन बरेच केले. निवृत्त माणसाला एक बल्ब घ्यायचा असला तरी तो आधी नोबेल पारितोषिकापर्यंत जाऊन येतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ सालचा, पण निळा पुरेसा तेजस्वी व्हायला त्यानंतर तीसेक वर्षे जावी लागली. आणि निळा हवाच, कारण आपण ज्याला पांढरा एलईडी म्हणतो तो बहुधा निळाच असतो, त्याच्यावर फॉस्फर नावाच्या, पिवळा उजेड देणाऱ्या भुकटीचा लेप असतो आणि दोन्ही मिळून आपल्या डोळ्यांना पांढरे वाटते. या निळ्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. यातले अमानो म्हणजे हिरोशी. पाणवनस्पती लावून पेट्यांमध्ये अख्खी राने उभी करणारे जपानी कलावंत अमानो ते वेगळे, ताकाशी, २०१५ साली वारले. मी बराच काळ या दोघांना एकच समजत होतो आणि ज्याने दिवा शोधला त्यानेच तो पेटीवर लावून दाखवला, या कल्पनेने मला फार बरे वाटत असे. खरे कळले तेव्हा थोडे वाईटच वाटले.

दुकानात मात्र नोबेलचा काही उपयोग होत नाही. तिथे सगळ्या पेट्यांवर गडद निळा उजेड सोडलेला असतो आणि त्यात प्रत्येक मासा जडावाच्या दागिन्यासारखा चमकतो. माझी आई साडी घ्यायला गेली, की निवडलेली साडी दुकानाच्या दारापर्यंत आणून बाहेरच्या उजेडात धरून पाही आणि दुकानदार मुकाट्याने पदर सोडवून देई. माशांची पिशवी हातात घेऊन मी तेच केले. निऑन टेट्राची निळी पट्टी दारात आल्यावर निम्मी झाली. त्यात त्या माशाचा दोष नाही. ती पट्टी रंगाने माखलेली नसते, उजेड परतवून चमकते. रात्री अंधारात तर ती फिकी पडते. हा मासा मुळात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या, झाडांच्या सावलीतल्या ओढ्यांचा. मी टेट्रा परत केले आणि गप्पीच घेतले. दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी सराफाकडे जाऊन करदोटा मागितला होता.

दिवा घेताना मी फक्त पांढरा, साडेसहा हजार केल्व्हिनचा, म्हणजे साधारण भर दिवसाच्या उजेडासारखा मागितला होता. त्याच्याबरोबर रिमोट फुकट आला. त्या रिमोटवर चोवीस बटणे आहेत आणि माझ्या सहा वर्षांच्या नातवाने ती सगळी अर्ध्या तासात पाठ केली. लाल, हिरवा, जांभळा, आणि एक बटण असे की ज्याने सगळे रंग आळीपाळीने येतात व आमची पेटी गणेशोत्सवातल्या देखाव्यासारखी दिसू लागते, फक्त निवेदन तेवढे नसते. मी त्याला समजावले, की दिवा आठ तासांपेक्षा जास्त लावायचा नाही, नाहीतर काचेवर शेवाळ धरते. खोलीतला दिवा आधी लावायचा आणि मग पेटीतला, म्हणजे मासे दचकत नाहीत. आणि माशांना पापण्या नसतात, त्यामुळे आपल्यासारखे डोळे मिटून घेण्याची त्यांना सोय नाही. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आबा, दिवा लावायचाच कशाला?" त्याची खापरपणजी, म्हणजे माझी आजी, त्याच्या जन्माआधी पंचवीस वर्षे वारली. असले प्रश्न घराण्यात कुठून उतरतात, याचा अभ्यास कोणी केलेला मला माहीत नाही.

तर रविवारी दुपारी रबर सरकले, पाय बसले, झोळ पडला आणि मी बटण दाबले. उजेड आधी फार पांढरा वाटला, दवाखान्यातल्यासारखा. मग फिल्टरच्या पाण्याने पृष्ठभाग हलला आणि तळाच्या वाळूवर ती जाळी पसरली.

मी स्टुलावरून उठून खाली जमिनीवर बसलो. जाळी दिसण्याचे कारण नंतर लक्षात आले, ते अगदी साधे आहे. ट्यूबचा उजेड दोन फूट लांबीच्या नळीतून सगळीकडून येतो, त्यामुळे पाण्यावरच्या तरंगांनी पाडलेल्या उजेडाच्या रेघा एकमेकींना पुसून टाकतात. एलईडीचे ठिपके बारीक असतात, आणि बारीक ठिपक्यातून आलेला उजेड तरंगातून वाकला, की त्याची रेघ तळावर स्वच्छ उमटते. सूर्यही आपल्या डोळ्यांना ठिपकाच. कौलातल्या काचेतून येणारी ती पंधरा मिनिटांची गोष्ट आता अ‍ॅडॅप्टर लावून आठ तास मिळते, आणि इतकी वर्षे ती पेटीच्या झाकणातल्या ट्यूबने पुसून टाकलेली होती. मी पाण्यावर फुंकर घालून पाहिली. तोंडात सिलिकॉनचा आणि माशांच्या खाद्याचा वास गेला, पण जाळी हलली.

पांढरा उजेड सगळेच दाखवतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे सिलिकॉनची कड किंचित सुटली आहे, तिथे काचेच्या सांध्यात एक तपकिरी रेघ दिसली, दोऱ्याएवढी, तळापासून वरपर्यंत गेलेली. मी आधी शेवाळ समजलो. ते शेवाळ नव्हते.

२०१९ सालच्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. सांगलीत पावसाळ्यात कोणी कोणाला "कसे आहात" असे विचारत नाही, "पुलाजवळ किती झालं" असे विचारतात, आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी येथल्या मुलांना पाढ्यांच्या आधी येते. आम्ही ४५ च्या आत घर सोडले आणि मिरजेला मेहुण्यांकडे गेलो. कागदपत्रे घेतली, औषधे घेतली, देव घेतले. पेटीत त्या वेळी अकरा मासे होते. वीज आधीच गेलेली होती, ट्यूब बंद होती, खोलीत अंधार होता. पेटीकडे कोणाचे लक्षच गेले नाही असे मी नंतर सगळ्यांना सांगितले. खरे म्हणजे दार ओढून घेताना माझे गेले होते.

परत आलो तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती. पेटी स्टँडवर जिथल्या तिथे उभी होती, एकही काच फुटलेली नव्हती, ती गळ्यापर्यंत गाळाने भरलेली होती. ट्यूबसकट लाकडी झाकण स्वयंपाकघरात ओट्यावर जाऊन बसले होते. मासे कुठेच सापडले नाहीत. पेटी धुऊन माळ्यावर टाकली आणि या उन्हाळ्यात नातवाने हट्ट केला म्हणून ती खाली काढली. भिंतींना त्यानंतर दोनदा रंग झाला आहे.

ती रेघ मी जुन्या दातघासणीने घासून पाहिली, सुईने टोकरून पाहिली. ती सांध्याच्या आत आहे, सिलिकॉन काढल्याखेरीज निघणार नाही, आणि सिलिकॉन काढायचा म्हणजे पेटीच मोडायची. संध्याकाळी नातू येऊन काचेला नाक लावून बसला. एक गप्पी त्या कोपऱ्यात जाऊन रेघेला पुन्हा पुन्हा टोच मारीत होता, खाण्याचे काही आहे असे समजून.

"आबा, ते काय आहे?"

"गाळ आहे," मी म्हणालो.

त्याने थोडा वेळ पाहिले. मग रिमोट उचलून जांभळा उजेड लावला. त्या उजेडात रेघ दिसेनाशी झाली, जाळी मात्र दिसत राहिली, जांभळी. एरवी मी दोन मिनिटांत रिमोट परत मागून घेतो. त्या संध्याकाळी मागितला नाही.